आधी एकट्याने, मग मिळून: ऑनलाइन अभ्यासक्रम रचण्याची एक पद्धत

ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करायला घेतला की बहुतेक जण पहिल्याच दिवशी कॅमेरा लावतात किंवा जुन्या स्लाइड्स बाहेर काढतात. मीही कित्येक वर्षे तेच करत असे. चाळीस मिनिटांचे व्याख्यान चित्रित करायचे, त्याखाली दहा प्रश्नांची चाचणी जोडायची आणि ‘आपली मते मांडा’ असे लिहून चर्चेसाठी एक जागा उघडून द्यायची, एवढे केले की अभ्यासक्रम उभा राहिल्यासारखे वाटते. या रचनेत शिकवणाऱ्याने काय सांगायचे याचा विचार पुरेपूर झालेला असतो. शिकणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी काय चालले असेल आणि तो दुसऱ्या शिकणाऱ्याशी नेमके कशासाठी बोलेल, याचा मात्र झालेला नसतो. पुढे मांडलेली पद्धत या दोन प्रश्नांपासून सुरू होते. प्रत्येकाने आधी एकट्याने काहीतरी ठरवावे, लिहावे, प्रसंगी चुकावे आणि मगच इतरांना भेटावे, हा तिचा गाभा आहे. व्हिडिओ आणि मजकूर या दोन कृतींना लागेल तेवढाच आणि लागेल तेव्हाच द्यायचा.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. ‘आकडेवारी कशी वाचावी’ हा नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठीचा चार आठवड्यांचा अभ्यासक्रम आपल्याला रचायचा आहे आणि त्याचा पहिला घटक सरासरी व मध्यक (किमती क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) यांवर आहे, असे समजा.

शेवटच्या कृतीपासून सुरुवात

सर्वांत आधी शिकणारा शेवटी काय करून दाखवील ते एका वाक्यात लिहावे. ‘सरासरीची संकल्पना समजेल’ हे वाक्य कामाचे नाही, कारण समजले की नाही हे कोणालाच दिसत नाही. ‘एखाद्या अहवालातली सरासरी पाहून ती दिशाभूल करू शकते का हे सांगेल आणि त्याचे कारण दोन वाक्यांत लिहील’ हे वाक्य चालेल. त्यानंतर उलट्या दिशेने जावे: हे करण्यासाठी आधी काय जमायला हवे, त्याआधी काय, आणि यांतले काय शिकणाऱ्याला येत असण्याचा संभव आहे. या यादीत ज्याला जागा मिळत नाही, तो मजकूर कितीही रंजक असला तरी गाळावा. हे सांगायला सोपे आणि करायला जिवावर येणारे काम आहे. आपल्या आवडीच्या किश्श्यांवर काट मारताना हात अडखळतोच.

डोक्यात एका वेळी मावते किती

जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली मांडले, की माणूस एका वेळी साधारण सात, दोन कमी किंवा दोन जास्त, इतके घटक तात्पुरते लक्षात धरू शकतो. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा आणखी खाली आणला. मनातल्या मनात उजळणी करण्याची किंवा सुटे घटक जोडून त्यांचा एक मोठा घटक करण्याची सोय काढून घेतली तर तो चारच्या आसपास राहतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अभ्यासक्रम रचणाऱ्याने मात्र आकड्यापेक्षा ‘घटक’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. ‘अभ्यासक्रम’ हा शब्द मराठी वाचणाऱ्याला एका नजरेत एकच गोष्ट म्हणून दिसतो. देवनागरी न येणाऱ्याला तिथे अनोळखी आकारांची रांग दिसते. शिकवणाऱ्याला विषय इतका सवयीचा झालेला असतो, की त्याच्या लेखी जी एक गोष्ट असते ती नवख्याच्या लेखी सात-आठ गोष्टींची मोळी असते, आणि हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेला बोधात्मक भाराचा, म्हणजे शिकताना डोक्यावर पडणाऱ्या ओझ्याचा, सिद्धान्त याच मर्यादेवर उभा आहे. त्यातून रचनेसाठी काही अगदी साध्या गोष्टी निघतात. आपल्या उदाहरणात सरासरीची व्याख्या, तिचे सूत्र, स्तंभालेख आणि तो काढण्याचे नवे सॉफ्टवेअर हे सारे एकाच धड्यात आले, तर शिकणाऱ्याची सगळी शक्ती बटणे शोधण्यात जाते आणि सरासरी बाजूलाच राहते. म्हणून साधन शिकवायचे असेल तर ते आधी, ओळखीच्या सोप्या माहितीवर शिकवावे आणि नवी संकल्पना ओळखीच्या साधनावर. आलेखातल्या रेषांची नावे खाली वेगळ्या चौकटीत न देता त्या त्या रेषेलगत लिहावीत, म्हणजे डोळ्यांची ये-जा वाचते. पडद्यावर परिच्छेद दाखवून तोच शब्दशः वाचून दाखवण्याची सवय सोडावी. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसते, की चित्र आणि आवाज यांच्या जोडीला तेच शब्द छापून दिले तर बरेचदा मदतीऐवजी अडथळा होतो. याला अपवाद आहेत. ज्याला ऐकू कमी येते किंवा निवेदनाची भाषा ज्याला नवी आहे, त्याला उपशीर्षके लागतातच. म्हणून ती द्यावीत, पण चालू-बंद करण्याची सोय ठेवून.

नवख्या माणसापुढे लगेच गणित टाकू नये. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या बाबतीत दाखवले, की सुरुवातीला सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासणारे विद्यार्थी, नुसती गणिते सोडवत बसणाऱ्यांपेक्षा कमी वेळात शिकतात. तेव्हा पहिले उदाहरण पूर्ण सोडवलेले द्यावे, दुसऱ्यात शेवटची पायरी रिकामी ठेवावी, तिसऱ्यात शेवटच्या दोन, आणि असे करत चौथे पूर्णपणे शिकणाऱ्याच्या हवाली करावे. मात्र ज्याला विषय आधीच येतो त्याला ही पायरी-पायरीची मदत उलट जाचते, हेही संशोधनात दिसले आहे. त्यावर सोपा उपाय असा, की घटकाच्या दाराशीच एक प्रश्न ठेवावा आणि जो तो कारणासह अचूक सोडवील त्याला थेट चौथ्या उदाहरणावर जाऊ द्यावे.

व्हिडिओच्या लांबीबद्दल सहा मिनिटांचा नियम सगळीकडे सांगितला जातो. तो मुख्यतः फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांच्या २०१४ च्या अभ्यासातून आला आहे. त्यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरील ६९ लाख व्हिडिओ-सत्रांची नोंद तपासली आणि व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांपलीकडे जात नाही असे त्यांना आढळले. पण त्यांनी मोजले ते किती वेळ पाहिले हे, किती शिकले हे नव्हे. म्हणून मी घड्याळ पाहून व्हिडिओ कापत नाही. जिथे शिकणाऱ्याने काहीतरी ठरवायला हवे तिथे कापतो. तो क्षण कधी तीन मिनिटांनी येतो, कधी आठ.

आठवायला लावणे

हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून, ते किती झपाट्याने विसरले जातात याचा आलेख मांडला. त्यावर उपाय काय, याचे उत्तर रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात आहे. त्यांनी काही विद्यार्थ्यांना उतारा दोनदा वाचायला दिला, तर काहींना एकदा वाचून दुसऱ्या वेळी न बघता आठवून लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने विचारले तेव्हा चित्र उलटले: दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. धडा संपताच घेतलेली चाचणी शिकणाऱ्याला आणि आपल्याला, दोघांनाही कसे फसवते ते यावरून कळते.

म्हणून दुसऱ्या आठवड्याची सुरुवात पहिल्या आठवड्यातल्या एका प्रश्नाने करावी, तिसऱ्याची पहिल्या दोन आठवड्यांतल्या दोन प्रश्नांनी, आणि या प्रश्नांना गुण ठेवू नयेत. गुण ठेवले की लोक वह्या उघडतात. किती अंतराने उजळणी करावी यावर सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काम केले. जितके जास्त दिवस लक्षात ठेवायचे तितके उजळणीतले अंतर वाढवावे, असे त्यातून निघते: आठवडाभर टिकवायचे तर एखाद्या दिवसाचे अंतर पुरते, वर्षभर टिकवायचे तर साधारण तीन आठवड्यांचे लागते.

एक प्रश्न जवळून

या पद्धतीत सर्वांत जास्त वेळ प्रश्न लिहिण्यात जातो आणि जायलाही हवा. आपल्या पहिल्या घटकाचा प्रश्न असा आहे: एका सेवा केंद्रात आलेल्या लोकांना सरासरी १४ मिनिटे थांबावे लागले, एवढ्यावरून खात्रीने काय सांगता येईल? पर्याय चार. बहुतेकांना सुमारे १४ मिनिटे थांबावे लागले. निम्म्या लोकांना १४ मिनिटांपेक्षा जास्त थांबावे लागले. कोणालाही तासभर थांबावे लागले नाही. सर्वांनी थांबलेली मिनिटे एकत्र केली तर ती लोकांच्या संख्येच्या १४ पट भरतील.

शेवटचा पर्याय बरोबर आहे, पण खरी मेहनत पहिल्या तिघांवर झालेली आहे. पहिला निवडणारा सरासरीला ‘नेहमीचे मूल्य’ समजतो, दुसरा तिला मध्यक समजतो आणि तिसऱ्याला वाटते की सरासरीपासून फार लांबची किंमत असूच शकत नाही. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे असा एक विशिष्ट गैरसमज नसेल तर तो पर्याय जागा अडवतो, दुसरे काही नाही. अभिप्रायही त्या गैरसमजाला उद्देशून हवा. ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ यातून कोणी काही शिकत नाही. इथे एक यादी दाखवावी: दहा माणसे, त्यांतली नऊ प्रत्येकी ५ मिनिटे थांबली आणि एक ९५ मिनिटे. बेरीज १४०, सरासरी १४. मग विचारावे, की १४ मिनिटांच्या आसपास कोण थांबले? कोणीच नाही. चौदाहून जास्त किती जण थांबले? एक. तासाहून जास्त कोणी थांबले का? थांबले. एकाच यादीत तिन्ही चुका उघड्या पडतात आणि मध्यक ५ येतो हे पाहिल्यावर तो कशासाठी लागतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

पण ही यादी लगेच दाखवायची नाही, कारण याच ठिकाणी दुसरा माणूस कामी येतो. एरिक मझूर यांनी १९९१ पासून हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवलेली पद्धत अशी, की प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायचे आणि पुन्हा एकदा उत्तर द्यायचे. ऑनलाइन, तेही प्रत्येक जण आपापल्या वेळी येत असताना, हे थोडे बदलून करता येते. शिकणाऱ्याने पर्याय निवडून एका वाक्यात कारण लिहिले, की मगच त्याला इतरांची दोन कारणे दिसावीत, आणि त्यांतले किमान एक त्याच्यापेक्षा वेगळे उत्तर देणाऱ्याचे असावे. नावे आणि कोणता पर्याय बरोबर, हे दोन्ही झाकलेले असावे. ती वाचून त्याने पुन्हा उत्तर द्यावे आणि त्यानंतरच यादी उघडावी. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर असतील तेव्हा ही देवाणघेवाण फळते. त्याहून कमी असतील तर समजावून सांगणाराच कोणी नसतो, तिथे धडाच पुन्हा मांडावा लागतो. आणि त्याहून जास्त असतील तर दोन ओळींचे स्पष्टीकरण देऊन पुढे जावे.

एकत्र काम कधी आणि कसे

माझ्या एका अभ्यासक्रमात मी दर आठवड्याला चर्चेचा विषय देत असे आणि ‘किमान दोन प्रतिसाद लिहावेत’ अशी अट घालत असे. पहिले दोघे-तिघे मन लावून लिहीत. त्यानंतर ‘छान मुद्दा मांडलात, सहमत आहे’ अशा वाक्यांची रांग लागे, आणि तीही मुदत संपण्याच्या रात्री. दोष त्या लोकांचा नव्हता. विषयच असा होता, की एकाने नीट उत्तर लिहिले की बाकीच्यांना म्हणायला काही उरत नसे.

माक्स रिंगेलमान यांनी दोर ओढण्याचे प्रयोग करून १९१३ मध्ये नोंदवले होते, की दोराला जितकी जास्त माणसे लागतात तितका प्रत्येकाचा जोर कमी पडतो. लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी १९७९ मध्ये टाळ्या आणि ओरडणे यांवर प्रयोग केले, तेव्हा आपल्यासोबत इतरही ओरडत आहेत अशा नुसत्या समजुतीनेच माणसाचा आवाज उतरतो असे दिसले. कल्पना सुचवण्याचेही तसेच. डील आणि श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये दाखवले, की चौघांनी एकत्र बसून कल्पना सुचवण्यापेक्षा त्या चौघांनी वेगवेगळे बसून लिहिलेल्या कल्पना एकत्र केल्या तर त्या संख्येने जास्त भरतात, कारण एक बोलत असताना बाकीचे थांबून राहतात. एकत्र काम करण्याला स्वतःचा खर्च असतो: वेळ जुळवणे, समजावणे, वाट पाहणे. काम एका डोक्यात मावणारे असेल तर हा खर्च वायाच जातो. त्यामुळे गटाला काम देण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो, की यांतला सर्वांत हुशार माणूस हे एकटा रविवारी दुपारी बसून करून टाकील का? उत्तर ‘हो’ आले तर ते काम वैयक्तिक स्वाध्याय म्हणून द्यावे.

गटाला एकमेकांची गरज मुद्दाम निर्माण करून द्यावी लागते. एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिनच्या शाळांत जी ‘जिगसॉ’ पद्धत वापरली, तिच्यात प्रत्येक मुलाकडे विषयाचा वेगळा तुकडा असे आणि तो दुसऱ्या कोणाकडे नसे. आपल्या अभ्यासक्रमाच्या चौथ्या आठवड्यात तसेच करू. प्रश्न असा: दोन सेवा केंद्रांपैकी लोकांना जास्त ताटकळत कोण ठेवते? गटातल्या एकाला दोन्ही केंद्रांची सरासरी मिळते. दुसऱ्याला मध्यक, तसेच सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत मिळते. तिसऱ्याला दिवसाच्या कोणत्या तासाला किती गर्दी होती याचा आलेख मिळतो. चौथ्याला वेळ कशी मोजली याची टीप मिळते, आणि तिच्यात लिहिलेले असते की एका केंद्राने टोकन घेतल्यापासूनची वेळ मोजली, तर दुसऱ्याने रांगेतून खिडकीशी बोलावल्यापासूनची. पहिल्या तिघांचे निष्कर्ष कितीही पक्के असले तरी चौथ्याने तोंड उघडताच ते डळमळतात, आणि चौथ्यालाही बाकीच्यांच्या आकड्यांशिवाय आपल्या टिपेचे महत्त्व कळत नाही.

याचे वेळापत्रक काटेकोर ठेवावे. मंगळवारपर्यंत प्रत्येकाने आपल्या तुकड्यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे शंभर शब्दांत लिहावे. तोवर इतरांचे तुकडे बंद. बुधवारी सगळे उघडावे आणि गुरुवारपर्यंत प्रत्येकाने दुसऱ्या एकाला एक प्रश्न विचारावा. रविवारपर्यंत गटाने दीडशे शब्दांत शिफारस लिहावी आणि कोणाचे मत कशामुळे बदलले, हे त्यात एका परिच्छेदात सांगावे. यानंतर सोमवारी वेगळ्या आकडेवारीवरचा त्याच धाटणीचा प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडवावा आणि गुणांचा मोठा वाटा या उत्तराला असावा. गटात झोपून राहिलेला माणूस इथे सापडतो, आणि गटात खरेच शिकलेला माणूसही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. गट पहिल्या दिवशी पाडू नयेत. नाव नोंदवून कधीच न फिरकणारे पुष्कळ असतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यात ज्यांनी काहीतरी लिहून दिले आहे त्यांचेच गट करावेत. चौघांच्या कामाला पाच जण घ्यावेत आणि सर्वांत कळीचा तुकडा दोघांना द्यावा, म्हणजे एक गळाला तरी काम अडत नाही. सारे लेखन एकाच सामायिक दस्तऐवजात व्हावे. समोरासमोर व्हिडिओ-बैठक घ्यायचीच असेल तर ती अर्ध्या तासाची आणि फक्त निर्णयासाठी असावी. माहिती सांगण्यासाठी पाच जणांना एकाच वेळी पडद्यासमोर बसवणे हा सर्वांच्याच वेळेचा अपव्यय आहे.

शिकवणाऱ्याची जागा

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० साली ऑनलाइन शिक्षणासाठी तीन प्रकारच्या उपस्थितीची मांडणी केली: विचारांची, माणसांची आणि शिकवणाऱ्याची. तिसरीबद्दल माझा अनुभव असा, की ती जास्त झाली तरी बिघडते. मार्गदर्शकाने चर्चेत पहिल्याच तासात बरोबर उत्तर लिहिले की बाकीच्यांचे बोलणे तिथेच संपते. त्याने गुरुवारनंतर यावे, दोन गटांतला विरोध दाखवून द्यावा, आणि आठवड्याच्या शेवटी लोकांच्याच वाक्यांचा आधार घेऊन एक छोटी टीप लिहावी.

लोकांसमोर आणण्याआधी आणि नंतर

पहिला घटक तयार झाला की विषयाशी संबंध नसलेल्या एका माणसाला त्यासमोर बसवावे, मनात येईल ते मोठ्याने बोलत जायला सांगावे आणि आपण गप्प बसावे. गप्प बसणे हाच यातला अवघड भाग आहे. तो जिथे मागे जातो, तेच वाक्य दोनदा वाचतो किंवा ‘आता इथे काय करायचे?’ म्हणतो, त्या जागांवर खुणा कराव्यात. अशी तीन-चार माणसे बसवली तरी बऱ्याच गाठी सुटतात.

अभ्यासक्रम चालू झाल्यावर किती जणांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला, याऐवजी पहिले उत्तर आणि दुसरे उत्तर यांची तुलना करावी. जिथे व्हिडिओच्या आधीच जवळजवळ सगळे बरोबर उत्तर देतात, तिथला व्हिडिओ काढून टाकावा. जिथे इतरांची कारणे वाचून लोक बरोबर उत्तरावरून चुकीच्या उत्तरावर जातात, तिथे ती कारणे स्वतः वाचावीत. बहुधा कोणीतरी चुकीची गोष्ट फार ठामपणे लिहिलेली असते आणि बरोबर उत्तर देणाऱ्यांनी ‘सूत्राप्रमाणे’ एवढेच लिहून सुटका करून घेतलेली असते. अशा वेळी कारण लिहिण्याच्या चौकटीवरची सूचना बदलावी, ‘सूत्र न वापरता समजावून सांगा’ असे म्हणावे.

अभ्यासक्रम संपल्यावर तीन आठवड्यांनी सर्वांना पाच प्रश्न पाठवावेत, प्रत्येक घटकातला किमान एक आणि नव्या आकड्यांसह. उत्तर देणारे थोडे असतील आणि त्यांत उत्साही मंडळींचाच भरणा असेल, हे लक्षात ठेवून तो निकाल वाचावा. ज्या प्रश्नावर ही मंडळीही अडखळतात, त्याचा घटक पुन्हा लिहायला घ्यावा, आणि तो लिहिताना पुन्हा प्रश्नापासूनच सुरुवात करावी.